गणपूर्ती

“शंभर झाले का हो, भाऊसाहेब?” सरपंचांनी विचारलं.

ग्रामसेवकाला आमच्याकडं सगळे भाऊसाहेबच म्हणतात. ते बोट नाचवत मांडवातली डोकी मोजत होते. एकदा मोजून झालं, पण त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना, म्हणून परत पहिल्या रांगेपासून सुरू केलं.

“एकशे बारा,” ते म्हणाले. घरात साप निघाल्याचं सांगावं तसा आवाज.

सरपंच सर्जेराव काकडे. सगळं निमसर गाव त्यांना आबा म्हणायचं. आबांनी टोपी काढली, आतून पुसली आणि परत घातली. ग्रामसभा भरायला शंभर माणूस लागतं, त्याला गणपूर्ती म्हणतात, आणि अकरा वर्षांत निमसरमध्ये ती कधी झाली नव्हती. त्या दिवशी झाली, कारण त्यातले त्रेसष्ट आमचे होते. खाणवस्तीचे. एक मे होता, खाण बंद, क्रशर बंद. मी दारोदार फिरून माणूस गोळा केलं होतं. बापे थोडे, बाया जास्त. साडेतीन किलोमीटर उन्हातून चालत येऊन आम्ही मांडवाच्या डाव्या अंगाला सतरंजीवर दाटीवाटीनं बसलो होतो.

“बरं झालं,” आबा म्हणाले. “घ्या विषय.”

आम्ही आलो होतो ते विषय क्रमांक सातसाठी. खाणवस्तीची शाळा बंद करायची की नाही.

मी यल्लाबाई विटकर. जातीनं वडार. माझी आई ‘पाट्याला टाकीऽ’ म्हणत गावोगाव हिंडली, लोकांची गुळगुळीत झालेली जाती-पाटे छिन्नीनं टाकवून तिनं आम्हाला जगवलं. मी खाणीत खडी फोडली. वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा झाली तशी तिथं खिचडी शिजवायला लागले. शाळा म्हणजे एक खोली, वर पत्रा, पहिली ते चौथी मिळून सतरा पोरं आणि एक बाई. ओहोळ बाई.

बाई कधी ओरडल्या नाहीत. वर्गात गलका झाला की त्या तळहात पालथा करायच्या आणि हवेत सावकाश खाली दाबायच्या. बस्स. सतरा पोरं गप खाली बसायची. तांदूळ शिजेपर्यंत मीही दाराशी बसायचे. एक दिवस बाईंनी एक पाटी माझ्याकडं सरकवली.

“यल्लाबाई, टाकी कशी धरता?”

“अशी.”

“मग पेन्सिल पण तशीच धरा. हा एक उभा घाव, हा आडवा, हा गोल. झाला ‘व’. तुमच्या विटकरांचा.”

मी चौतीस वर्षांची होते. माझी सुगंधा तेव्हा पहिलीत. मायलेकी एकाच वर्गात शिकलो, आणि ती बघता बघता माझ्यापुढं गेली. ती तिसरीत पोचली तेव्हा मी बोट ठेवून, अडखळत का होईना, छापील ओळ वाचू शकत होते. वस्तीतल्या मोठ्या माणसांत वाचता येणारी मी एकटी.

आबांना हे ठाऊक नव्हतं. म्हणून तर त्यांनी मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. माझ्यासमोरच म्हणाले होते, “बाई पायजे, पालक पायजे, मागास पायजे. यल्लाबाई एकात तिन्ही बसती. अंगठा कुठं उठवायचा तेवढं दावलं की झालं.”

एप्रिलात भाऊसाहेब रजिस्टर आणि शाईचा पॅड घेऊन शाळेत आले. मी चुलीपुढं होते.

“हितं उठवा अंगठा.”

“काय लिहिलंय?”

“शाळेच्या सुधारणेचं हाय.”

मी हात पुसले, रजिस्टर ओढून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. “पटसंख्या अल्प असल्याने सदर शाळेचे गावातील शाळेत समायोजन करण्यास समितीची संमती आहे.” मधे दोनदा श्वास घ्यावा लागला.

“तुम्हाला वाचता येतं?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“तुम्हाला न्हाई का येत? मग ह्यात सुधारणा कुठं लिहिलीया, ती दावा.”

आत ओहोळ बाई फळ्याकडं तोंड करून हसत होत्या. पाठ हलत होती त्यांची.

समायोजन हा कागदावरचा शब्द. खरा शब्द कुलूप. सात-आठ वर्षांच्या लेकरांनी खडीच्या डंपरांच्या रस्त्यानं साडेतीन किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. पोरं जाणार नाहीत हे आबांना माहीत होतं. शाळेची जागा क्रशरला लागणार आहे हे आम्हाला माहीत होतं. क्रशर आबांच्या मेव्हण्याचा. मी सही केली नाही, म्हणून विषय ग्रामसभेत आला.

बाई सरकारी नोकर, त्यांना सभेत तोंड उघडता येत नव्हतं. पण आदल्या आठवड्यात त्यांनी मला नीट सांगितलं होतं. “माणसं आणा. हात वर करायची वेळ आली की हात वर करा. बाकी काही करू नका.”

एवढंच करायचं होतं. त्रेसष्ट हात एकीकडं, एकोणपन्नास दुसरीकडं. एवढं गणित मला येत होतं. आबांना तर माझ्याआधीच आलं होतं.

भाऊसाहेबांनी सातवा विषय वाचला. मी बसल्या जागेवरून म्हटलं, “आमची हरकत हाय. हात मोजा.”

“मोजू की. गडबड काय हाय?” आबा म्हणाले. ते गरम होत नसत, तीच त्यांची ताकद. माईक जवळ ओढून त्यांनी आमच्या सतरंजीकडं बघितलं. “टाक्या आणल्यात का गं बायांनो? न्हाई, एवढ्या वडारणी एकदम आल्या, मला वाटलं गावातले समदे पाटे गुळगुळीत झाले.”

मांडव हसला.

आमची तिम्मक्का, वस्तीतली सगळ्यात थोरली, पदर सावरत म्हणाली, “पाट्याचं ऱ्हाऊ द्या आबा. तुमच्या डोस्क्याला टाकी लावायची आसंल तर सांगा. फुकाट लावते.”

आता मांडव जास्त हसला. आबाही हसले. मग हसणं तसंच तोंडावर ठेवून बोलले, “सतरा पोरं हायत. त्यांच्यासाठी एक खोली, एक मास्तरीण. आणि शिकून जायाची कुठं? खाणीतच न्हवं? खडी फोडायला बाराखडी कशाला लागती?”

यावेळी जे हसले त्यांचे चेहरे मी एकेक करून बघितले. माझ्या ओळखीचे होते सगळे. ह्यांच्या घरांचे पाये आमच्या दगडाचे.

माझ्या मांडीवर सुगंधाचं प्रगतिपुस्तक होतं. त्याच दिवशी निकाल लागला होता. तिसरी पास, श्रेणी अ. मी ते कमरेला खोचलं आणि उभी राहिले.

“उठा गं,” मी म्हटलं. “जिथं आपल्या लेकरांना हसत्यात, तिथं आपुन बसायचं न्हाई.”

त्रेसष्ट माणसं उठली. माझ्या एका शब्दावर एवढी माणसं आयुष्यात पहिल्यांदा उठत होती. खोटं कशाला लिहू, मला ते गोड लागलं.

ओहोळ बाई पंचायतीच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. आम्हाला येताना बघून त्या पुढं आल्या.

“कुठं चाललात?”

“घरला. थुकून आलो त्यांच्या सभेवर.”

“यल्लाबाई, परत आत जा.” त्यांनी तळहात पालथा केला आणि हवेत खाली दाबला, वर्गात दाबायच्या तसा. “काय बोलायचं ते बोलू देत. शिव्या देऊ देत. बसून राहा. उठू नका.”

“तो काय बोलला ते तुम्ही ऐकलं न्हाई.”

“ऐकलं. स्पीकर लावलाय. म्हणूनच म्हणते, आत जा.”

“तुमचं काय जातंय वो बाई?” मी म्हणाले. “शाळा गेली तर तुमची बदली हुईल. पगार चालूच ऱ्हाईल. आमच्या तोंडावर उडालेलं आमालाच पुसायचं हाय.”

बाईंचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि बाजूला सरकल्या.

तेवढ्यात आतून स्पीकरवर भाऊसाहेबांचा आवाज आला. “हजर एकोणपन्नास. गणपूर्ती नाही. सभा तहकूब.”

“बंद पाडली,” तिम्मक्का ओरडली, आणि त्या वयात तिनं रस्त्यात फुगडीसाठी हात पुढं केले.

बाई म्हणत होत्या, “यल्लाबाई, ऐका माझं, हे संपलेलं नाही.” पण बायांच्या गलक्यात मला ते नीट ऐकायचंच नव्हतं. फाट्यावर कुणीतरी हलगी आणली. वस्तीवर पोचल्यावर गूळ वाटला. माझा नवरा मल्लू, जो मला कधी दोन शब्द बरे बोलला नाही, तो चार माणसांत म्हणाला, “हिनं आबाला गप केला.” मी सुगंधाचं प्रगतिपुस्तक देवाच्या फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती मामाकडं गेली, सुट्टीला.

तिसऱ्या दिवशी बाई वस्तीवर आल्या. शाळेला सुट्टी लागलेली, एसटी फाट्यावर सोडते, तिथून चालत. माझ्या दारात उभ्या राहिल्या. घामानं चेहरा लाल झाला होता.

“दोन मिनिटं ऐकून घ्या, यल्लाबाई.”

“ऐकून घेण्यातच जल्म गेला आमचा.”

“माझ्यावर राग धरा. पण नऊ तारखेचं...”

“खिचडी न्हाई आज, बाई. शाळेला सुट्टी हाय.”

मी पाणीसुद्धा विचारलं नाही. माझ्या दारात आलेल्या माणसाला, मला अक्षर दिलेल्या माणसाला. बाई शेजारच्या दारांकडं वळल्या. मी उंबऱ्यावर हात कमरेवर ठेवून उभी होते, आणि माझ्याकडं बघून एकही बाई दारात आली नाही. दोनच दिवसांमागं माझ्या शब्दावर उठलेली माणसं ती. आता माझ्या नुसत्या डोळ्यावर बसून राहिली.

बाई शाळेकडं गेल्या. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर एक काळा चौकोन रंगवलेला होता, रोज सकाळी सुविचार लिहायला. त्यावर त्या बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या. लांबून मला त्यांची पाठ दिसत होती. मग खडूचे हात झटकून त्या फाट्याच्या वाटेला लागल्या. मागं वळून बघितलं नाही त्यांनी. निदान मी बघत होते तोवर तरी नाही.

दुसऱ्या दिवशी तिम्मक्का नळावरून आली.

“बाईनी भिंतीवर काय लिहिलंय गं? पारूची पोरगी वाचत हुती, ग्रामसभा का कायतरी म्हणाली.”

“ग्रामसभा तर झाली की. आपुनच न्हाई का बंद पाडली? त्येच लिहिलं आसंल.”

“तू वाचलंस?”

“वाचलं,” मी म्हणाले.

मी वाचलं नव्हतं. शाळेच्या बाजूला तोंडसुद्धा केलं नव्हतं. पण वस्तीची वाचणारी मी होते, आणि मी वाचलं म्हटल्यावर विषय मिटला.

दहा तारखेला शाळेतलं मोठं पातेलं आणायला गेले. पातेलं डोक्यावर घेतलं, बाहेर आले आणि भिंतीसमोर थांबले. बाईंनी अक्षर मुद्दाम मोठं काढलं होतं. जोडाक्षरं टाळता येतील तेवढी टाळली होती. माझ्यासाठी लिहिलेलं होतं ते, हे पहिल्या ओळीलाच कळलं.

‘थांबलेली सभा परत आहे. नऊ मे, सकाळी दहा. या सभेला शंभर माणसं लागत नाहीत. येतील तेवढी चालतात. आता डोकी नाही, हात मोजणार. सगळे या. काही झालं तरी बसून राहा.’

मी ते उभ्यानं वाचलं. मग पातेलं खाली ठेवून परत वाचलं.

अकरा वर्षं निमसरचा कारभार असाच चालला होता. पहिली सभा भरू द्यायची नाही. ती तहकूब झाली की आठ दिवसांनी दुसरी, तिला माणसांची अट नाही. पंधरा-वीस घरची माणसं जमवायची आणि पाहिजे ते मंजूर करून घ्यायचं. एक मेला पहिल्यांदा आबांची अडचण झाली, कारण आम्ही बसलो होतो. त्यांना फक्त आम्हाला उठवायचं होतं. त्यांनी नाही उठवलं. मी उठवलं.

नऊ तारखेला एकोणीस माणसं हजर होती. सातवा विषय चहा यायच्या आत मंजूर झाला.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. आणि मी बाईंना म्हटलं होतं ना, तुमचं काय जातंय. कुणीतरी भिंतीवरच्या लिहिण्याचा फोटो काढून तालुक्याला अर्ज केला होता. शासकीय सेवकानं गावच्या राजकारणात भाग घेतला. खाली बाईंचं अक्षर, पुरावा म्हणून. पाच महिने चौकशी चालली, मग जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला टाकलं त्यांना. हे मला वर्षानं कळलं. तोवर भिंतीवरचं पावसानं धुऊन नेलं होतं. ते लिहून ठेवायचंही मला सुचलं नव्हतं, पण त्याची गरज पडली नाही.

सतरातली सात पोरं दिवाळीपर्यंत टिकली. सुगंधा सहावीपर्यंत गेली. मग एक दिवस तिनं दप्तर खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, मी नाही जायची. मी मारलं तिला. डंपरचे ड्रायव्हर रस्त्यात गाडी हळू करून काय काय बोलायचे, ते तिनं मला लग्न झाल्यावर सांगितलं.

बाईंना शोधायला मी दोनदा गेले. पहिल्या खेपेला शाळा सापडली, बाई रजेवर होत्या. दुसऱ्या खेपेला त्या तिथून बदलून गेल्या होत्या. त्यांच्या वर्गातली पोरं माझ्याकडं कुतूहलानं बघत होती. मी एका पोरीला विचारलं, “बाई तुमाला गप कशा बसवायच्या?” तिनं तळहात पालथा करून दाखवला. मी तिथनं तशीच एसटीला निघाले.

त्यानंतर मी एकही ग्रामसभा चुकवली नाही. भरलेली नाही, तहकूब नाही. वस्तीच्या बायांना घेऊन जाते. सतरंजीवर बसतो, डबे सोबत असतात. आम्हाला काय काय म्हणतात ते लिहीत बसले तर हा कागद पुरणार नाही. आम्ही उठत नाही.

बारा वर्षांनी, एका सव्वीस जानेवारीला, खाणवस्तीची शाळा परत सुरू करावी हा ठराव सभेपुढं आला. तो यायला सात वर्षं अर्ज केले. तोवर मी पंचायतीची सदस्य झाले होते. सरपंच आबांची सून होती, आणि आबा तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून तिच्या वतीनं खोकत होते. भाऊसाहेब नवे होते.

“मोजा एकदा,” आबा म्हणाले.

“एकशे एक.”

“परत मोजा. माणसं चहाला उठायला लागलीत.”

भाऊसाहेब मोजायला लागले, आणि मी सहज मान वळवली. फाटकाबाहेर एक बाई उभी होती. केस पांढरे, खांद्याला कापडी पिशवी, एक हात फाटकाच्या गजावर. ऊन माझ्या डोळ्यांवर होतं.

माझे गुडघे उचलले गेले. हात सतरंजीला टेकला. शेजारच्या पारूनं लगेच पदर खोचला, तिच्या पलीकडच्या दोघी सावरून बसल्या. मी उठले की माझ्या बाया उठतात. ती सवय त्यांना मीच लावली होती.

फाटकातल्या बाईनं गजावरचा हात काढला. तळहात पालथा केला. आणि हवेत सावकाश खाली दाबला.

मी बसले.

“शंभर,” भाऊसाहेब म्हणाले. “गणपूर्ती आहे.”

हात वर झाले. एकसष्ट विरुद्ध चौतीस, पाच जण चुळबुळत राहिले. ठराव लिहिला गेला. सही करण्याआधी मी तो सगळा वाचला, बोट ठेवून, एकही शब्द न सोडता. आबा म्हणाले, “लवकर वाचा, यल्लाबाई, दुपार झाली.” मी म्हणाले, “तुमच्यामुळंच हळू वाचायला शिकले, आबा.” सही केली. सहीखाली वेळ लिहिली. मग उठले.

फाटकाशी कुणी नव्हतं. समोर चहाची टपरी होती.

“हितं एक बाई हुत्या का रे, पांढऱ्या केसांच्या?”

“हुत्या की. बराच वेळ उभ्या हुत्या. चहा देऊ का म्हटलं तर नको म्हणाल्या. आत्ताची एसटी गाठली त्यांनी.”

“कुठली एसटी?”

“पाटी न्हाई बघितली, मावशी.”

“काय निरोप?”

“न्हाई. काय न्हाई.”

याला दोन वर्षं झाली. ठराव जिल्हा परिषदेत आहे, कुठल्या टेबलावर आहे तेही मला माहीत आहे, दर महिन्याला मी त्या टेबलासमोर जाऊन बसते. शाळा अजून उघडली नाही. सुगंधाची पोरगी चार वर्षांची आहे, तिच्या पहिलीच्या आधी उघडेल की नंतर, ते बघायचं. पारू म्हणते, अक्का, ऊन होतं, ती दुसरीच कुणी असेल, गजाला धरून दमली असेल, हात हलवला असेल. मी तिच्याशी वाद घालत नाही.

मी आता सभेत फाटकाकडं तोंड करून बसते. नवे भाऊसाहेब दरवेळी म्हणतात, “यल्लाबाई, व्यासपीठाकडं बघा ना.”

मी म्हणते, “तुम्ही मोजा. मी बसलेली आहे.”